तांबूचा रवंथ

सोमवारी अलका गुंजाळच्या गोठ्यावर लाल पाटी ठोकायचं काम शेवटी प्रल्हाद खेमनरच्याच वाट्याला आलं. दुसरं कोण करणार? बोरखिंडीत सरकारी पशुधन पर्यवेक्षक तो एकटा. गाईला सुई टोचायची तीही त्यानंच आणि गोठा बंद करायचा तोही त्यानंच. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. तो डॉक्टर नव्हता, पदविका केलेला साधा नोकर होता. पण तीस वर्षांत त्यानं कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. आधी ऐकायला बरं वाटायचं म्हणून, आणि नंतर नंतर कंटाळा आला म्हणून.

त्यात फजिती अशी, की पाटी आणली, खिळे आणले आणि हातोडी राहिली घरी. अलकावहिनींनीच आतून आपली हातोडी आणून दिली. त्रेसष्ट वर्षांची ती बाई, कमरेवर हात ठेवून आपल्याच गोठ्यावर पाटी लागताना बघत उभी राहिली, आणि पाटी वाकडी लागायला लागली तेव्हा डावीकडून जरा वर घ्या, असंही तिनं सांगितलं. प्रल्हादला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटीवर लिहिलं होतं, 'मूळ गोठा. प्रवेश बंद.' याचा अर्थ काय, हे २०४३ सालात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गुरुवारी छावणीची गाडी येणार, वहिनींच्या चारही गाई घेऊन जाणार आणि त्या परत येणार नाहीत. छावणीत त्या चारा खात मरेपर्यंत जगतील, पण त्यांचं दूध कुणी पिणार नाही की शेण कुणी शेतात घालणार नाही. वहिनींचं सगळं पोट त्या गाईंवर. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गाई गेल्यावर ही बाई दिवसभर काय करील, हा विचार प्रल्हादच्या मनात आला आणि त्यानं तो बाजूला सारला. असे विचार बाजूला सारायची त्याला सवय झाली होती.

"डॉक्टर," पाटी लागल्यावर वहिनी म्हणाल्या, "ते यंत्र म्हणतं, माझ्या गोठ्यातून सुरुवात झाली. पण माझ्या गोठ्यात कुठून आलं, ते सांगतं का?"

"यंत्र तिथवरच जातं, वहिनी."

"म्हणजे अर्धंच सांगतं." त्यांनी हातोडी परत घेतली आणि त्या आत गेल्या.

झालं होतं ते असं. वहिनींच्या शेजारचे बाबाजी वर्पे श्रावणात शेवाळावरून घसरून पडले आणि खुबा मोडला. तालुक्याला ऑपरेशन झालं, ते घरी आले, आणि पंधरा दिवसांत जखमेतून पू यायला लागला. एक औषध दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं. जंतू कशालाच दाद देईनात. सातव्या आठवड्यात बाबाजी गेले. घरात बाईमाणूस नव्हतं, मुलगा सोमनाथ दिवसभर टेम्पोवर. म्हणून त्यांची कूस बदलून देणं, पेज भरवणं, अंग पुसणं हे सगळं अलकावहिनींनी केलं होतं. गोठ्यातून उठायच्या, हात धुवायच्या आणि बाबाजींकडे जायच्या. हात धुवायच्या हे खरं; पण जे लागलं होतं ते साबणाच्या एका हातानं जाणारं नव्हतं.

बाबाजींच्या जखमेचा नमुना जिल्ह्याला गेला आणि तिकडून डॉ. सानिया इनामदार यंत्र घेऊन गावात आल्या. यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याला 'कुळकाढ्या' म्हणायला सुरुवात केली.

हा कुळकाढ्या काय करतो ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जंतू औषधाला दाद देत नाही, कारण ते औषध फोडून टाकणारं प्रथिन त्याला बनवता येतं. ते कसं बनवायचं याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. ही कृती जंतूच्या मुख्य डीएनएमध्ये असती तर फारसं बिघडलं नसतं. ती फक्त त्याच्या पिलावळीला मिळाली असती. पण ती असते एका सुट्या, बांगडीसारख्या गोल तुकड्यावर. त्याला प्लाझमिड म्हणतात. दोन जंतू एकमेकांना चिकटले, की एक जण त्या बांगडीची नक्कल करून दुसऱ्याला देऊन टाकतो. दुसरा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. शेजारणीनं शेजारणीला लोणच्याची कृती सांगावी तसा प्रकार. गाईच्या आतड्यातला निरुपद्रवी जंतू ती माणसाच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूला देतो. तिथं ती वर्षानुवर्षं पडून राहते, माणसाला पत्ताही नसतो. मग एक दिवस त्या माणसाच्या अंगावर चिरा पडतो, किंवा त्याचा हात नुकत्याच जन्मलेल्या बाळाला लागतो, आणि ती कृती नको त्या जंतूच्या हाती जाते.

आता, नक्कल म्हटली की चूक आलीच. हजारो अक्षरांत कधी एखादं अक्षर बदलतं, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. दोन गोठ्यांतल्या बांगड्यांमध्ये कोणत्या चुका सारख्या आणि कोणत्या वेगळ्या हे पाहिलं, की कुणाकडून कुणाकडे गेलं याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी यासाठी मोठी प्रयोगशाळा आणि महिनाभराचा वेळ लागायचा. कुळकाढ्या होता जेवणाच्या डब्याएवढा. शेणाचा, लाळेचा, जखमेचा बोळा त्यात ठेवायचा. डीएनएचा धागा एका अतिसूक्ष्म छिद्रातून सरकत जातो, अक्षर अक्षर वाचलं जातं, आणि दोन तासांत पडद्यावर सगळी वंशवेल उभी राहते.

सरकारला वेलीत रस नव्हता, त्याला मूळ हवं होतं. मूळ उपटलं की वेल वाळते, असं सरकारचं म्हणणं. म्हणून कायदा असा झाला, की जिथं सुरुवात झाली तो गोठा बंद करायचा आणि बाकीच्यांवर नुसती नजर ठेवायची. गावालाही ते पटलं, कारण त्यात बुडत होतं ते एकच घर.

मंगळवारी प्रल्हाद कागदांवर सह्या करायला सानिया मॅडमच्या गाडीत गेला. गाडी शाळेच्या मैदानात उभी होती. मॅडम तिशी-बत्तिशीच्या, पण वर्षभरातलं हे त्यांचं एकोणिसावं गाव, आणि ते तोंडावर दिसत होतं. त्यांनी चहा विचारला नाही, त्यानं अपेक्षाही केली नाही. पडदा त्याच्याकडे वळवला.

गावातले चाळीस गोठे तपासले होते. अकरा गोठ्यांत तीच बांगडी सापडली होती. पडद्यावर अकरा फांद्या होत्या, आणि बाबाजींची बारकी फांदी अलकावहिनींच्या फांदीतून फुटलेली होती. पण अकराही फांद्या जिथं एकत्र येत होत्या, तिथं कुणाचंच नाव नव्हतं. नुसता पोकळ गोल होता.

हे काय, असं प्रल्हादनं विचारलं. मॅडमनी सांगितलं, की तिथं कुणीतरी आहे ज्याचा नमुना आपल्याकडे नाही, आणि या अकरा जणांकडे ते तिथूनच आलंय. बहुतेक वेळा ते जनावर मेलेलं किंवा विकलेलं असतं. नियम असा, की मग त्या गोलाला सगळ्यांत जवळचा गोठा मूळ धरायचा. अलकाबाईंचा गोठा सगळ्यांत जवळ, दोनच अक्षरांचा फरक.

"मला हे आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण जागा रिकामी ठेवून फाइल बंद करता येत नाही."

प्रल्हाद अकरा नावं वाचत होता. गुंजाळ, दोघे दिघे, तिघे कानवडे, सातपुते, आणखी चौघे. वरच्या आळीतले, खालच्या आळीतले, एकमेकांशी बोलणं नसलेले, वेगवेगळ्या डेअऱ्यांना दूध घालणारे. या अकरा गोठ्यांत सारखं काय, हे गावात कुणालाही सांगता आलं नसतं. प्रल्हादला यादी संपायच्या आत कळलं. त्यानं सह्या केल्या आणि तो घरी निघाला.

या अकरा गोठ्यांत त्यानं रवंथ दिला होता.

गाय दुखण्यातून उठते, पण रवंथ करीत नाही. चारा टाकला तर तोंड फिरवते. औषधांचा मारा झाला की हे हमखास होतं, कारण औषधानं पोटातले चांगले जंतूही मरतात, आणि गाईला गवत पचवून देतात ते तेच. यावर जुन्या माणसांचा एक उपाय आहे. निरोगी गाय रवंथ करीत असताना तिची जीभ एका हातानं बाजूला धरायची, पोटातून वर आलेला घास दुसऱ्या हातानं काढायचा, गुळाच्या पाण्यात कालवायचा आणि आजारी गाईला पाजायचा. दोन दिवसांत गाय वैरणीला तोंड लावते. प्रल्हादला ही विद्या वडलांकडून मिळाली होती आणि तिचा त्याला कोण अभिमान. बाकीचे सुयांवर सुया टोचतात, मी औषधाचा थेंब न देता गाय उठवतो, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि रवंथ नेहमी एकाच गाईचा, त्याच्या घरच्या तांबूचा. चौदा वर्षांची तांबू कधी आजारी पडली नव्हती. तिच्या तोंडातला घास ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून तो गावभर हिंडला होता. लोकही म्हणायचे, डॉक्टरांच्या तांबूचा गुण येतो.

तांबूचा नमुना कुणी घेतला नव्हता. नमुने घेणारा प्रल्हादच, आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या गोठ्यासाठी वेगळा आदेश लागतो. तो आदेश आला नव्हता. त्यानं मागितलाही नव्हता.

घरी रंजनाची, त्याच्या बायकोची, वेगळीच धांदल चालली होती. त्यांची एकुलती एक लेक समृद्धी नाशिकला दिलेली. तिला आठवा महिना लागला होता आणि येत्या रविवारी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळ पायाळू, त्यामुळे ऑपरेशन करावं लागणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. तिकडं सासू नव्हती, सगळी भिस्त माहेरावर. रंजनानं डिंक निवडून ठेवला होता, अळीव आणले होते, मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली होती. तांबू म्हातारपणीही घरापुरतं दूध देतीये, लेकीला विकतचं नको, असं ती आल्यागेल्याला सांगत होती.

प्रल्हाद तिच्याशी न बोलता गोठ्यात गेला. तांबूनं त्याला बघून सवयीनं मान पुढे केली. तिला वाटलं, तो घास काढायला आलाय. त्या तोंडात आपला हात किती वेळा गेला असेल, याचा तो हिशोब करायला लागला आणि मग त्यानं ते सोडून दिलं. तांबूत असेल तर आपल्यात आहे. आपल्यात असेल तर रंजनात आहे. आणि रविवारी पोटावर चिरा घ्यायला निघालेली पोर या घरात येणार, तिचं बाळ पहिल्या दिवसापासून या हातांत येणार.

बाळाला इथं आणायचं नाही, एवढं त्याला लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की त्यासाठी खरं सांगायलाच पाहिजे असं काही नाही.

प्रल्हादची बाजू घ्यायची तर घेता येईल. माणूस थकला होता, निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती, आणि उन्हातान्हात तीस वर्षं हिंडून त्यानं मिळवलं होतं ते एवढंच, की गाव त्याचं नाव चांगलं घेतं. पण बाजू घेऊ नये. त्यानं फोन लावला आणि लेकीला सांगितलं, की गावात वाईट जंतू पसरलाय, तो अलकाकाकूंच्या गोठ्यातून निघालाय, बाबाजी त्यानंच गेले, तेव्हा तू येऊ नकोस.

समृद्धीनं विचारलं, निदान आई तरी येईल ना इकडे? बघू, असं तो म्हणाला. तेही खोटंच होतं; रंजनालाही तो पाठवणार नव्हता. तिलाही त्यानं अलकावहिनींचंच नाव सांगितलं.

बुधवारी सकाळी रंजना उठली ती तडक अलकावहिनींच्या दारात गेली. जन्मात कधी कुणाशी तोंड न केलेली बाई. ती अर्ध्या तासानं परत आली, ओट्यापाशी मटकन बसली आणि तिनं सगळं आपणहून सांगितलं. तुमच्या गोठ्याच्या घाणीपायी माझी लेक माहेराला मुकली, असं ती म्हणाली होती. आणि एवढ्यावर थांबली नव्हती. तुम्हाला पोटचं पोर असतं तर कळलं असतं, असंही बोलून गेली होती.

"त्या काय म्हणाल्या?" प्रल्हादनं विचारलं.

"म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. लेकीला आणू नका, तिला जपा." रंजनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अहो, मी ते पोराबाळाचं बोलायला नको होतं. माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक."

तिच्या तोंडून ते कसं गेलं, हे प्रल्हादला चांगलं माहीत होतं. ते त्यानंच काल तिच्या तोंडात घातलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. तरीही रंजनापुढे त्याची जीभ उचलेना. त्यानं पिशवीतून नमुन्याच्या नळ्या काढल्या, तांबूचं शेण घेतलं, तिची लाळ घेतली, मग न्हाणीघरात जाऊन स्वतःचा नमुना घेतला. एका नळीवर 'खेमनर, गाय' असं लिहिलं आणि दुसरीवर आपलं पूर्ण नाव.

सानिया मॅडमनी नळ्या घेतल्या, नावं वाचली आणि काही न विचारता यंत्रात ठेवल्या. दोन तास दोघं गाडीत बसून राहिले. शाळेतली पोरं खिडकीतून डोकावून गेली. शेवटी पडद्यावर वेल परत आली तेव्हा पोकळ गोल भरला होता. तांबू बरोबर त्या जागी बसली होती, एकाही अक्षराचा फरक नाही. तिच्या शेजारून एक बारावी फांदी फुटली होती, ती प्रल्हादची.

मॅडमनी विचारलं, हिला कुठून मिळालं असेल? प्रल्हादला तेही माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी, तांबू वासरू असताना, तिच्या आईला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून दगडासारखी झाली होती. त्यानंच सडांत औषध भरलं. अशा गाईचं दूध डेअरी काही दिवस घेत नाही. पण दूध मातीत ओतणं म्हणजे पाप, बोरखिंडीत कुणी ओतत नाही. ते वासराला पाजतात. तांबू पाच दिवस औषधाचं दूध प्यायली. त्या दुधात औषध असतं ते अगदी थोडं. सगळे जंतू मारायला ते पुरत नाही. साधे जंतू मरतात आणि ज्यांच्याकडे ती कृती आहे त्यांना सगळं रान मोकळं होतं.

"मला पुस्तकातून माहीत होतं हे," तो म्हणाला. "पण गावात सगळेच पाजतात. समू, माझी मुलगी, तेव्हा सातवीत होती. वासराला बादलीतून पिता येत नाही मॅडम, शिकवावं लागतं. दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, मग ते चोखत चोखत बादलीत तोंड घालतं. तांबूला तिनंच शिकवलं."

मॅडमची लिहिणारी बोटं थांबली. "मुलगी कुठे असते आता?"

प्रल्हादनं सांगितलं. आठवा महिना सांगितला, ऑपरेशनचं सांगितलं, आणि बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की त्या काय विचारतायत. कालपासून तो लेकीला ज्या गोष्टीपासून लांब ठेवायला धडपडत होता, ती तिच्यापाशी कदाचित केव्हाच पोचली होती.

"तिचा नमुना आजच घ्यायला सांगा," मॅडम म्हणाल्या. "आणि कारण खरं सांगा. कारण खरं नसेल तर तिथले डॉक्टर ही तपासणी करायचे नाहीत."

मैदानातल्या पिंपळाखाली उभं राहून त्यानं फोन केला. सगळं सांगितलं. तांबूचं, रवंथाचं, औषधाच्या दुधाचं, आणि काल अलकाकाकूंचं नाव घेतलं ते खोटं होतं हेही. समृद्धी रडली नाही, ओरडली नाही; तिनं एवढंच विचारलं, की जंतूचं नाव काय सांगायचं. त्यानं स्पेलिंगसकट सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

मग रंजना. त्यानं घरी जाऊन तिला सांगितलं. तिनं पायांत चपला घातल्या आणि प्रल्हाद निघाला तशी त्याच्या मागोमाग चालू लागली.

अलकावहिनी ओसरीवर सुपात ज्वारी निवडत होत्या. या म्हणाल्या नाहीत, जाही म्हणाल्या नाहीत. प्रल्हादनं उभ्याउभ्याच सांगितलं. गेल्या साली तुमची काळी गाय खाईना, तेव्हा मी तांबूचा रवंथ पाजला, त्यातून हे तुमच्याकडे आलं. मूळ गोठा माझा आहे. उद्याची गाडी तुमच्याकडे येणार नाही, तुमच्या गाई कुठे जाणार नाहीत.

वहिनींनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कुठून असणार. पण माझ्या गोठ्यात येणारं-जाणारं आहे कोण? मी, माझ्या गाई आणि तुम्ही."

"मग सोमवारी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

 वहिनी पुढे म्हणाल्या, बाबाजींना माझ्याच हातानं लागलं, ते काही बदलत नाही, ते माझं मी निस्तरीन. पण सोमनाथ येता-जाता माझ्या दाराकडे बघून थुंकतो. त्याला हे सरकारी कागदावरून कळायला नको, तुम्ही जाऊन सांगा. मागितलं ते एवढंच.

सोमनाथ टेम्पो धूत होता. त्यानं पाण्याचा पाइप बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. प्रल्हादला वाटलं होतं हात उचलील. उचलला असता तर बरं, असंही वाटलं होतं. त्यानं दोन-तीनदा फिरूनफिरून तेच विचारलं, म्हणजे कुणी मुद्दाम केलं नाही? नाही, असं प्रल्हाद म्हणत राहिला. "मग मी राग कुणावर काढू, डॉक्टर?" सोमनाथनं विचारलं, आणि पाइप पुन्हा चालू केला.

परत येताना प्रल्हादनं पाहिलं, तर रंजना ओसरीवर बसली होती. सुपाच्या एका बाजूनं वहिनी निवडत होत्या, दुसऱ्या बाजूनं ती. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत नव्हत्या, पण सूप एकच होतं. तो तिला हाक न मारता पुढे गेला.

गुरुवारी गाडी आली. तांबूला फळीवरून वर चढवायला दोन माणसं आली होती, पण ती त्यांना बधेना. शेवटी प्रल्हादनंच दावं हातात घेतलं, तेव्हा ती मुकाट चढली. त्याच्यावर तिचा भरवसा होता. लाल पाटी वहिनींच्या गोठ्यावरून निघून त्याच्या गोठ्यावर लागली. खात्याची चौकशी सुरू होणार असल्याचं पत्र त्याच दिवशी आलं. रस्त्यानं जाणारे लोक आता डॉक्टर म्हणून हाक मारीत नव्हते, मान वळवून जात होते. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. सगळा जीव नाशिककडे लागला होता.

शनिवारी दुपारी समृद्धीचा फोन आला.

"रिपोर्ट आला, बाबा. माझ्यात आहे," ती म्हणाली. "चौदा वर्षांपासून असणार म्हणाले. नकलांमधल्या चुका मोजून काढलं."

 पुढचं तिनं एका सुरात सांगितलं, किती जणांना सांगून झालं असेल तसं. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांना देतात ते औषध तिला लागू पडलंच नसतं. टाके पिकले असते, बाळालाही लागण झाली असती, आणि काय होतंय ते कळेपर्यंत उशीर झाला असता. आता तिच्यासाठी कुलपात ठेवलेलं राखीव औषध मंजूर झालंय. बाळाला तिच्याकडून हे मिळणारच, म्हणून महिनाभर त्याच्यावर रोज लक्ष ठेवणार. आधी कळलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या होत्या.

मग तिनं विचारलं, "बाबा, मंगळवारी मला येऊ नको म्हणालात, ते बाळासाठी होतं की तुमचं नाव जाऊ नये म्हणून?"

दोन्हीसाठी, असं म्हणून सुटता आलं असतं.

"येऊ नको म्हणालो ते बाळासाठी," तो म्हणाला. "अलकाकाकूंचं नाव घेतलं ते माझ्यासाठी."

 पलीकडून तिनं नाक पुसल्याचा आवाज आला.

"बरं. उद्या मला न्यायला या," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलंय मी. ज्यांच्यात तेच आहे त्यांच्यापासून मला लांब ठेवून आता काही उपयोग नाही म्हणाल्या. औषध तालुक्याच्या दवाखान्यात पाठवणार आहेत. आले की आधी अलकाकाकूंकडे जाणार आहे, त्यांना सांगून ठेवा."

त्यानं हो म्हटलं. रंजना दारात येऊन उभी होती, काय म्हणाली पोर, म्हणून विचारत होती. येतीये, त्यानं सांगितलं. रंजनाचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला, कारण येतीये म्हणजे पोरीतही ते आहे, हे तिला कळलं.

लेक माहेरी येत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला, तिचं बाळ मांडीवर घ्यायला आता प्रल्हादला कुणाचीही आडकाठी नव्हती. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला, आणि मग बायकोसमोर, लहान पोरासारखा, हमसून हमसून रडला.